पितांबर नाना नसले तर

पितांबर नानांना रस्त्यात कुणी "काय नाना, बरं आहे ना?" असं विचारलं की त्यांचा चेहरा पडायचा. नुसतं बरं विचारणारा माणूस त्यांच्या वाट्याला कधीच उरला नव्हता. विचारणाऱ्याचं दुसरं वाक्य ठरलेलं असायचं, "मना नंबर कव्हय लागी?" माझा नंबर कधी लागणार?

आमचं गाव धरणगावच्या बाजूचं, रेल्वेलाइनीवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही; माणसं अजून हयात आहेत आणि भांडायलाही तयार आहेत. स्टेशनाच्या भोवती सगळा कापूस, पण तापीकाठच्या गावांची केळी आमच्याकडे यायची आणि वॅगनमध्ये भरून दिल्लीला जायची. हे काम शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. मी तिथे रोखपाल होतो आणि पितांबर नाना लदानाचे कारकून. कुणाची केळी कोणत्या दिवशी वॅगनमध्ये चढणार हे ठरवणं त्यांचं काम.

ऐकायला सोपं वाटतं. पण वॅगन नेहमी कमी आणि बागा जास्त. घड कापण्याजोगा झाला की आठवड्याच्या आत तो निघालाच पाहिजे. नाही निघाला तर झाडावरच पिवळा पडतो, आणि दिल्लीचा व्यापारी पिवळ्या घडाला हात लावत नाही. वर्षभर पाणी पाजून, खत घालून वाढवलेली बाग एका चुकलेल्या नंबराने उकिरड्यावर जाते. नाना रोज संध्याकाळी संस्थेच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशीची नावं लिहायचे. ज्यांची नावं असायची ते गुपचूप घरी जायचे. ज्यांची नसायची ते नानांच्या मागे त्यांच्या दारापर्यंत यायचे.

या कामाने माणूस अगदी जखडून गेला होता. लग्नाला गेले तर अक्षता टाकून उपाशी परतायचे, कारण एकाच्या मांडवात जेवले की दुसरे तीन जण म्हणणार, बघा, आता त्याचा नंबर वर जातो. पारावर बसायची सोय नाही. कुणाशी हसून बोलायची सोय नाही. सख्ख्या मेहुण्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, कारण त्याचा नंबर त्यांनी एकदाही वर घेतला नव्हता. मला एकदा म्हणाले, "बठ्ठा माले शिव्या देतस, अन बठ्ठास्ना नंबर मीच लावस." सगळ्यांचे नंबर लावणाऱ्यालाच सगळ्यांच्या शिव्या. मी हसलो, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्यात वच्छलाबाईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं ओढून ओढून व्हायला लागलं. गावात बघणारं कुणी नाही, म्हणून लेक मंदा त्यांना धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली. जावई छगन तिथल्या एका सूतगिरणीत होता. नाना रविवारी एस.टी.ने जायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचे. वच्छलाबाई दर वेळी विचारायच्या, आता राहणार ना? नाना म्हणायचे, पुढच्या खेपेला बघू.

शेवटी त्यांनी धीर केला आणि अध्यक्षांकडे गेले. आमचे अध्यक्ष धनसिंग आबा. माणूस गोड बोलणारा. इतका गोड, की त्यांच्याकडून नकार घेऊन बाहेर पडलेला माणूस अर्ध्या वाटेत थांबून विचार करायचा की आपलं काम झालं की नाही. नाना म्हणाले, "आबा, मला मोकळं करा. बायकोपाशी जाऊन राहतो."

आबा म्हणाले, "करतो ना. का नाही करणार? पण नंबर कोण लावणार? थांब थोडा. संस्था कॉम्प्युटर घेते आहे. तुझ्या डोक्यातलं सगळं त्याला शिकव. तो शिकला, की तू मोकळा." आणि मग पाठीवर हात ठेवून, "छगन कसा आहे? गिरणीत बरं चाललंय ना?"

छगनला गिरणीत आबांनी चिकटवला होता. वच्छलाबाईंची खाट छगनच्या घरात होती. राजीनामा आबांच्या टेबलावर आपटून निघून जावं, असं नानांच्या मनात शंभरदा आलं असेल. पण त्याचा फटका कुणाच्या घराला बसेल, हे त्यांना न सांगता कळत होतं. कात्रीत सापडणं काय असतं ते मी तेव्हा समोर बसून पाहिलं.

ते ब्याण्णव साल होतं. मागच्या खोलीला पडदे लागले, दाराबाहेर "चपला काढा" अशी पाटी लागली आणि आत कॉम्प्युटर आला. प्रोग्राम लिहायला जळगावच्या एका छोट्या कंपनीतून फारुख नावाचा इंजिनिअर यायचा. मुलगा भुसावळचा, वडील रेल्वेत फिटर. हुशार होता, पण त्याची मिजास नव्हती. पहिल्याच दिवशी आबांच्या समोर त्याने नानांना विचारलं, "भाऊ, नंबर कसा लावता? अगदी सगळं सांगा. जे सांगाल तेच हे मशीन करेल. न सांगितलेलं एक अक्षरही करणार नाही."

नानांनी आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते.

"नोंदणीच्या क्रमाने," नाना म्हणाले. "जो आधी नाव लावील त्याचा नंबर आधी."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

आबांनी मान डोलावली. फारुखने लिहून घेतलं, आणि चहा पिऊन जळगावला गेला.

मला राग आला होता. नानांचा नाही, त्या खोलीचा. अरे, नोंदणीच्या क्रमाने लावायचं असतं तर शाळेतल्या पोरानेही फळा लिहिला असता. आमच्याकडचे लोक बाग निसवायच्या, कोका म्हणजे केळफूल बाहेर पडायच्या, आधीच नाव लावून मोकळे होतात. केळीला कोका दिसत नाही आणि हे येऊन सांगतात, नाना, कटाईला आली. सगळेच सांगतात, म्हणून मग खरी कटाईला आलेली बागही खोटी वाटते. त्यातून खरं निवडायचं हेच तर नानांचं काम.

महिनाभराने फारुख प्रोग्राम घेऊन आला. शहाणा माणूस, लगेच चालू केला नाही. म्हणाला, काही दिवस मशीनची यादी आणि भाऊंची यादी शेजारी शेजारी काढू. दोन्ही जुळल्या की चालू करू. पहिल्या दिवशी प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला आणि फारुखने तो नानांच्या यादीशेजारी ठेवला. दोन्हींत एकही नाव एका जागी नव्हतं.

"हे झुलाल," फारुख म्हणाला, "माझ्याकडे पहिले आहेत. तुमच्याकडे नाहीतच."

"ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे कसं? मी ते लिहू कसं?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आबा त्या आठवड्यात कसल्याशा अधिवेशनाला पुण्याला गेले होते. फारुखने यादी बाजूला सारली आणि म्हणाला, "भाऊ, एक विचारतो. उद्या तुम्ही नसलात तर हे झुलालचं कुणाला कळेल?"

नानांनी चष्मा काढला. "काय म्हणालास?"

"तुम्ही नसलात तर?"

आजवर कुणीच त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. गावातला प्रत्येक जण नाना असणारच हे धरून चालला होता. नानांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागले, आणि मग काही थांबेनात.

झुलालची बाग आणि त्याच्या भावाची बाग बांधाला बांध लागून. भावाची लवकर येते, कारण त्याची जमीन चांगली. झुलालला ते खपत नाही, म्हणून भावाने नाव लावलं की हाही लावतो. बाग तयार नाही असं तोंडावर सांगितलं तर चारचौघांत त्याची मान खाली जाते. म्हणून नाना त्याला सांगायचे, "यावेळी वॅगन कमी आल्या बाबा," आणि बाग तयार झाली की गुपचूप नंबर लावायचे. झुलाल इतकी वर्षं वॅगनला शिव्या देत होता.

यशोदाबाईचं वावर नाल्यापलीकडे. पाऊस लागला की बैलगाडी नाल्यातून निघत नाही, म्हणून तिची कटाई पावसाच्या आत. ज्याच्या घरी गमी झाली असेल त्याचं दिवसकार्य होईपर्यंत कटाई होत नाही, पण त्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही, धरून ठेवायचा. लेकीचं लग्न असेल तर नंबर वर.

"आणि मुलाचं लग्न असेल तर?" फारुखने विचारलं.

"त्याला कशाला? त्याच्या घरी तर पैसा येणारच आहे."

फारुख हसला, पण लिहिलं. तो प्रत्येक गोष्ट खोदून विचारायचा. वारा सुटून बाग आडवी झाली तर तिचा नंबर आधी, असं नाना म्हणाले. फारुख म्हणाला, आडवी म्हणजे किती? निम्मी. निम्मी झाली हे कोण सांगणार? मी जाऊन बघतो. आणि तुम्ही नसलात तर?

नाना म्हणाले, "लिही. शेजारच्या बांधावरचे दोन शेतकरी सांगतील. पण त्यातला एक तरी त्याच्याशी भांडण असलेला पाहिजे. भांडणातल्या माणसाने 'हो, पडली' म्हटलं, की बाग पडलीच."

मी रोखपालाच्या जागेवरून ऐकत होतो. मला टाळी वाजवावीशी वाटली. झुलालसारख्यांसाठीही त्यांनी तोड काढली. नाव लावण्याची तारीख बघायचीच नाही, बाग निसवल्याची तारीख बघायची आणि तिच्यापासून मोजायचं. ती तारीख तलाठ्याच्या पीकपाहणीसारखी संस्थेच्या माणसाने फिरून आधीच लिहून आणायची. मग कुणाला खोटं सांगायला नको आणि कुणाची मान खाली जायला नको. एकेक करून नाना स्वतःला त्या कामातून सोडवून घेत होते. आठवडाभर दोघे उन्हातान्हात बागा पालथ्या घालत होते. नाना फारुखच्या घरच्या डब्यातलं जेवायचे. तो गावचा नव्हता, त्याला नंबर नको होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं. फारुखने विचारलं, "हे रुपचंद नेहमी चार नावं खाली का?" नाना जरा चाचरले. मग कळलं की रुपचंदच्या बापाने पूर्वी कधी तरी बैलांच्या बाजारात नानांच्या बापाचा अपमान केला होता.

"हा नियम ठेवायचा?" फारुखने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"काढ रे बाबा," नाना म्हणाले, आणि लाजले.

राहिली शेवटची गोष्ट. दर आठवड्याच्या पहिल्या वॅगनमध्ये आबांच्या घरची केळी.

"का?"

"अध्यक्ष आहेत म्हणून."

"म्हणजे अध्यक्ष बदलले तर नव्या अध्यक्षांची?"

"अर्थात."

"मग तसं लिहितो," फारुख म्हणाला, आणि त्याने खरंच लिहिलं. त्याला ते न लिहिण्याचं कारण दिसलं नाही. नानांनीही अडवलं नाही. मशीनला सगळं सांगितलं नाही तर पुन्हा याद्या जुळायच्या नाहीत आणि आपण सुटायचं नाही, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं.

नियम आत घातल्यावर याद्या जुळायला लागल्या. एके दिवशी वरपासून खालपर्यंत एकही नाव वेगळं निघालं नाही. नानांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाला धरले. त्या रविवारी ते धुळ्याला गेले तेव्हा वच्छलाबाईंना सांगून आले, की पुढच्या खेपेला पेटी आणि वळकटी घेऊनच येतो. मला म्हणाले, "मंदाच्या घरामागं थोडी जागा आहे. मेथी-कोथिंबीर लावीन. तिला कुणाचा नंबर लागत नाही."

चालू करण्याआधी नियमांचा कागद मराठीत टाइप करून संचालक मंडळापुढे ठेवायचा, त्यावर अध्यक्षांची सही घ्यायची, अशी फारुखच्या कंपनीची रीत होती. बैठक भरली. आबांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. झुलालच्या नियमाला हसले. भांडणातल्या शेजाऱ्याला "वा, पितांबर!" म्हणाले. मग शेवटच्या नियमावर आले आणि थांबले. बाकीचे संचालक आपापली प्रत वाचत होते. एकेक जण तिथे येऊन थांबत होता आणि टेबलाकडे बघत होता.

"हे कुणी सांगितलं?" आबांनी शांतपणे विचारलं.

"मीच सगळं विचारून घेतलं, साहेब," फारुख म्हणाला. "नको असेल तर काढतो. मग तुमची केळीही इतरांसारखी रांगेत येतील."

आता आबा अडकले. ठेवावा तर लेखी कबुली. काढावा तर केळी रांगेत. मला मनातून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आबा असल्या जागी अडकून राहणारे नव्हते. त्यांनी पेन काढलं.

"हे बघा," ते संचालकांना म्हणाले, "नियम चांगले आहेत. पण असे छापील नियम बाहेर गेले, की प्रत्येक जण कागद घेऊन दारात उभा राहील. उद्या कुणी कोर्टात जाईल. नियम असा हवा की त्यात माणुसकीला जागा राहील." आणि त्यांनी वारा, नाला, गमी, लग्न, निसवण, पहिली वॅगन, सगळ्यावर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "नोंदणीच्या क्रमाने. अपवादाच्या बाबतीत श्री. पितांबर हे योग्य तो निर्णय घेतील."

फारुख उठून उभा राहिला. "साहेब, योग्य तो निर्णय म्हणजे काय, हे मशीनला कळत नाही."

"मशीनला नाही कळत, पितांबरला कळतं. तिथे मशीनने थांबावं आणि पितांबरला विचारावं. जमेल?"

"जमेल," फारुख म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "पण मग दुसऱ्या एखाद्याचंही नाव द्या. ते कधी नसले तर?"

"एकच नाव. दोन नावं आली की भानगडी आल्या." संचालकांनी माना डोलावल्या. त्यातल्या प्रत्येकाचं नानांकडे काही ना काही काम निघायचं, आणि नियमांच्या कागदाला काम सांगता येत नाही. आबा नानांकडे वळले. "तुझी काही हरकत आहे का, पितांबर? तुझ्यावाचून आमचं कसं चालणार? अरे हो, मागच्या आठवड्यात गिरणीच्या चेअरमनची गाठ पडली होती. छगनचा विषय मीच काढला. चांगलं काम करतो म्हणाले."

सगळे नानांकडे बघत होते. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोला नाना, हरकत आहे म्हणा. पण माझा जावई आबांच्या ओळखीने कुठे लागला नव्हता आणि माझी बायको कुणाच्या घरात खाटेवर पडलेली नव्हती.

"हरकत नाही," नाना म्हणाले.

अक्षयतृतीयेला, आमच्याकडे आखाजीला, मुहूर्त केला. नारळ फुटला, पेढे वाटले. आबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर पहिलं नाव आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला मशीन थांबलं. त्याच आठवड्यात वारा सुटला होता आणि यशोदाबाईची अर्धी बाग आडवी झाली होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत "पितांबर" असं आलं, आणि पुढे एक चौकोन लुकलुकत राहिला. फारुखने नानांना हळूच परवलीचा शब्द सांगितला. नाना खुर्चीत बसले आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. टाळ्या वाजल्या. फारुख टाळ्या न वाजवता बाहेर जाऊन चपला घालत बसला.

पूर्वी नानांना ताप आला तर मी माझ्या मगदुराप्रमाणे फळा लिहायचो. चुका व्हायच्या, पण गाडं चालायचं. आता ते नसले की मशीन हलायचंच नाही. पडदा तसाच लुकलुकत राहायचा आणि बाहेर कापलेल्या केळीच्या गाड्या उभ्या. त्यामुळे रविवारची रजाही जवळपास गेली. मधला पूर्ण महिना त्यांना धुळ्याला जाता आलं नाही. गेले तेव्हा मी सोबत होतो. तिथे माझ्या भाचीच्या साखरपुड्याचं बोलणं होतं.

मंदाच्या घरी शिरलो तेव्हा वच्छलाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. त्यांची नजर आधी नानांच्या हाताकडे गेली. हातात एक कापडी पिशवी होती. मग त्यांनी आमच्या मागे दाराकडे पाहिलं, हमालाने पेटी आणली असेल म्हणून. दारात कुणी नव्हतं.

"शिकनं का ते?" त्यांनी ओढत ओढत विचारलं.

"शिकनं," नाना म्हणाले.

"काय शिकनं?"

नाना खाटेच्या कडेला बसले. "मनं नाव."

त्यांना ते कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या बराच वेळ नानांकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला, अगदी धडधाकट बाईचा राग. मग त्यांनी डाव्या हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तशी, लेकीला हाक मारली.

"मंदा, च्या ठेव. पाव्हना उनात."

मंदाने आत स्टोव्हला पंप मारायला घेतला.